देवळातल्या चौथ्या बाकावरून

फिलूबाईंचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. फिलोमिना असं पूर्ण नाव, पण नाशिकरोडच्या त्या वस्तीत त्यांना सगळे फिलूबाईच म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, नऊवारीवर पुरुषी स्वेटर, डोक्यावर पदर. त्या नसत्या तर मी सहाव्या दिवशी सकाळी पिशवी उचलून पेणकडची एसटी धरली असती, आणि मागे काय करून आलो हे जन्मभर कुणाला सांगता आलं नसतं. अंतोनकाकांचे आणि तिथल्या फादरांचेही उपकार आहेत. पण पहिलं नाव बाईंचं.

मी पेणजवळच्या एका गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. शाळा सातवीत सुटली, तेव्हापासून हातात ब्रश आहे. अंग, पितांबर, शेला, दागिने हे माझं काम. डोळ्यांची आखणी आमचे मालक अण्णा करतात. आमच्याकडे रीतच तशी आहे. मूर्ती सगळी झाली की शेवटी डोळे, आणि डोळे आखणारा हात वेगळा. वीतभर, हातभर मूर्तींचे डोळे मी आखलेत. मोठ्या मूर्तीला अण्णांनी कधी सांगितलं नाही आणि मीही मागितलं नाही. मुळात मला भीती फार. एसटीत बसलो की तिकीट पडलं असं वाटतं, घरातून निघालो की गॅस चालू राहिला असं वाटतं.

दिवाळीनंतर अण्णांच्या ओळखीच्या टेम्पोवाल्याकडून निरोप आला. नाशिकला एका चर्चमध्ये मरियामातेची जुनी मूर्ती आहे, रंग उडालाय, डिसेंबरात तिचा सण आहे, त्याआधी नीट करून हवी. अण्णांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ते म्हणाले, "तू जा. कपडेच रंगवायचेत. चेहरा आहे तसा ठेवा म्हणालेत, म्हणजे आखणीचा प्रश्न नाही."

"मी एकटा?"

"मग काय वऱ्हाड पाठवू?"

कल्याणच्या पुढे मी कधी गेलो नव्हतो. बायकोनं पोह्याचे पापड बांधून दिले, ब्रश जुन्या पंच्यात गुंडाळले, आणि निघालो.

लाल दिवा

कसारा घाट चढून वर आलो आणि खिडकीतून आत येणारी हवाच बदलली. आमच्याकडे तेव्हाही दुपारी घाम येतो. इथे कंडक्टर मफलर बांधून बसलेला. नाशिकरोडला उतरेपर्यंत माझे दात वाजायला लागले होते, त्यातला निम्मा वाटा थंडीचा.

चर्च म्हणजे सिनेमात असतं तसं उंच मनोरे वगैरे असेल अशी माझी कल्पना. निघालं ते दगडी, बसकं, कौलारू. पुढे लोखंडी सांगाड्यात टांगलेली घंटा, एक लिंब, नळ, नळाखाली फुलांचे देठ पडलेले. आमच्या गावच्या मारुतीच्या देवळापाशी असतं, तसंच सगळं. मी पायऱ्यांखाली चपला काढल्या आणि आत गेलो. आत एक म्हातारबुवा पायांत बूट घालून फरशी पुसत होते. हेच अंतोनकाका. इथल्या एका कारखान्यात फिटर होते, निवृत्त झाल्यापासून चर्चची उघडझाप, मेणबत्त्या, घंटा सगळं बघतात.

"काका, देवळात बूट?"

"आमच्यात चालतं," ते म्हणाले. "पण तू काढलेस ते बरं केलंस. आत्ताच पुसलंय."

मी जमिनीवर आडवा होऊन नमस्कार घातला. उठलो तर काका माझ्याकडे बघत होते. त्यांनी एक गुडघा टेकला, कपाळ, छाती, दोन्ही खांदे असा हात फिरवला आणि म्हणाले, "आम्ही एवढंच करतो. तू साष्टांग घातलास. लावलंस ना आम्हाला कामाला!"

मरियामातेची मूर्ती मी पोहोचण्याआधीच चौघांनी कोनाड्यातून उतरवून वेदीमागच्या खोलीत टेबलावर ठेवली होती. चार फुटांची, लाकडी, शुभ्र झगा आणि निळा शेला. निळ्याचे पोपडे सुटलेले, झग्याच्या चुण्यांत धूळ, चेहरा मेणबत्त्यांच्या काजळीनं तांबूस काळा झालेला. फादर येऊन गेले. वसईकडचे, तरुण, बोलायला मोजके. म्हणाले, "चेहऱ्याला फक्त ओलं फडकं. साबण नाही, दुसरं काही नाही. लोकांना तो तसाच हवाय." मी मान डोलावली. कोनाडा किती उंचावर आहे ते मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. पुढे सगळं घडलं ते त्यामुळे.

खोलीत उजेड कमी होता. मी हॅलोजन लावायला निघालो. खोलीतला सॉकेट जळलेला, म्हणून वायर ओढत वेदीपाशी आलो. तिथल्या बोर्डात एकच प्लग होता आणि त्याच्यावर एक लाल बल्ब मिणमिणत होता. भर दुपारी झीरोचा बल्ब कशाला, म्हणून मी तो काढला आणि माझा प्लग खोचला.

दोन मिनिटांत अंतोनकाका झाडू घेऊन धावत आले. "कोणी काढलं? अरे कोणी काढलं?"

"मी. का?"

त्यांनी आधी माझी वायर उपटली, लाल दिवा लावला, गुडघा टेकला आणि मगच माझ्याकडे वळले. दिव्याच्या मागे भिंतीत एक छोटं सोनेरी कपाट होतं, मी ते शोभेचं समजलो होतो. काका म्हणाले, "त्याच्यात प्रभू आहे. मिस्सेत, म्हणजे आमच्या उपासनेत, पवित्र केलेली भाकर असते ती. हा दिवा लागलाय म्हणजे मालक घरात आहे. तू मालक घरात असताना मीटर काढलास!"

मी हात जोडले. शंभरदा माफी मागितली. मग न राहवून विचारलं, "मग मरियामातेच्या मूर्तीत देव नाही?"

"मूर्तीत कशाला असेल? ती आईची मूर्ती. आईचा फोटो असतो तसा. फोटोला हार घालतो आपण, फोटोपुढं ताट थोडंच वाढतो?"

"आमच्यात वाढतात," मी म्हणालो.

काका हसले तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. पण त्या रात्री चर्चशेजारच्या हॉलमागं मला दिलेल्या खोलीत झोप लागली नाही. पहिल्याच दिवशी देवाचा दिवा विझवला. घरी फोन केला तर बायको म्हणाली, "अहो, लावला ना परत? मग झालं." तिला सगळंच सोपं वाटतं.

निळा

दुसऱ्या दिवशी सकाळी फिलूबाई आल्या. वेदीची फुलं आणि धुणं त्यांच्याकडे. वेदीवरची वस्त्रं, पुसायची फडकी, सगळं त्या घरी नेऊन धुतात. दारात उभ्या राहून त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"अनवाणी काम करतो का रे?"

"देवळात आहे ना मावशी."

"देवळात हाय म्हणून काय गारठून मरायचं? पाय गार पडले की हात कापतो. तुझं काम तर हाताचं." दुपारी त्या लोकरीचे पायमोजे घेऊन आल्या. "आमच्या म्हाताऱ्याचे हायेत. तो गेला, मोजे राहिले. घाल."

त्यासुद्धा चर्चला देऊळच म्हणत होत्या. मला उगाच आपलं वाटलं. बरोबर त्यांनी बाजरीची भाकरी, कांद्याच्या पातीचं पिठलं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा आणला होता. तांदळाच्या भाकरीवर वाढलेला मी, पहिल्या घासाला घसा धरला आणि चौथ्या घासाला ठेचा परत मागितला. जेवणाआधी बाईंनी माझ्या ताटावरूनच क्रुसाची खूण केली. मी पापड दिले, तर वास घेऊन म्हणाल्या, "हे तर नखाएवढं पातळ हाय. तुमच्याकडच्या बायांना दुसरं काम नाय का?"

निळ्यानं मला रडवलं. आमच्याकडे निळा लागतो शंकराच्या गळ्याला, नाहीतर कृष्णाच्या अंगाला. मरियेच्या शेल्याचा निळा वेगळा. एकदा कालवला, बाई म्हणाल्या, "हा शाळेच्या स्कर्टाचा हाय." परत कालवला. "ही तर धुण्याची नीळ." तिसऱ्यांदा त्या मला हाताला धरून बाहेर घेऊन गेल्या, लिंबाखाली उभं केलं आणि म्हणाल्या, "वर बघ. सकाळी नऊचं आभाळ. दुपारचं नको." तो निळा जमला. थंडीनं रंग वाळेना, म्हणून अंतोनकाकांनी हॉलमधून वायर ओढून हॅलोजन शेकोटीसारखा मूर्तीपासून जरा लांब ठेवला आणि आम्ही तिघं त्याच्याभोवती चहा प्यायलो. मला वाटायला लागलं, जमतंय की. असं वाटलं की माझं काहीतरी बिघडतंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी एकटा होतो. निळा आणि पांढरा झळकत होते आणि मधे तो काजळलेला चेहरा फारच मळका दिसत होता. ओल्या फडक्यानं काही निघेना. मनात आलं, गालावर एक हात थिनरचा फिरवला तर कुणाला कळणार आहे? गाल उजळला. कपाळ उजळलं. हात चालतच राहिला, कारखान्यात चालतो तसा. फडकं उलटून पाहिलं तर फडक्यावर डोळा आलेला होता. डावा. बुबुळ, पापणीची रेघ, सगळं.

खाली बसलो. काजळीखाली रंग इतका जुना, इतका विरलेला होता की तो लाकडाला धरूनच राहिला नव्हता. मूर्तीकडे पाहवेना. एका डोळ्यानं ती बघत होती आणि दुसऱ्या जागी नुसतं लाकूड.

आता खरं लिहितो. तेव्हाच उठून फादरांकडे जायला हवं होतं. मी गेलो नाही. एक नवा डोळा जुन्याशेजारी शोभणार नाही असा विचार केला आणि उजवाही पुसला. एक चुकून गेला, दुसरा मी मुद्दाम पुसला. आधीचा फोटो काढून ठेवला नव्हता. चर्चमध्ये कुणाकडे तरी असेलच, पण मागितला असता तर चोरी उघडी पडली असती. ते फडकं मी बाकीच्या फडक्यांच्या तळाशी कोंबलं.

चौथ्या दिवशी दार लावून डोळे आखले. मला येतात तसे आखले. आमच्या देवाचे असतात तसे, लांब, पूर्ण उघडे, समोर उभं राहणाऱ्याला थेट भेटणारे. मूर्ती टेबलावर होती, तिचं तोंड माझ्या तोंडासमोर. ब्रश खाली ठेवला तेव्हा ती माझ्याकडे बघत होती, आणि खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. अण्णांनी पाहायला हवं होतं, असं वाटलं. मग लगेच वाटलं, कुणीच पाहायला नको.

नोव्हेना

सणाआधी नऊ दिवस रोज संध्याकाळी प्रार्थना असते, तिला नोव्हेना म्हणतात. आपल्या नवरात्रासारखंच म्हणा. मी आल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी चौघांनी मूर्ती कोनाड्यात चढवली, फादर घाईत होते, त्यांनी खालून पाहून "छान" म्हटलं आणि ते एका आजाऱ्याकडे निघून गेले. संध्याकाळी लोक आले. हार्मोनियम आणि ढोलकीवर मराठी गाणी, अभंगाच्याच चालीची. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला असं नाही, घरंच्या घरं मिळून एकेका बाकावर. मी शेवटच्या बाकामागे खांबाला टेकून उभा होतो.

माणसं आत येत, गुडघा टेकत, वर बघत आणि क्षणभर तिथंच थांबत. मग आपल्या जागेवर जाऊन बसत आणि पुन्हा वर बघत. मिस्सेनंतर पुष्कळांनी माझा हात हातात घेतला. रंग झक्क झालाय म्हणाले. शेला तर अगदी आभाळ म्हणाले. चेहऱ्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. कारखान्यात गिऱ्हाईक असं नुसत्या पितांबराचं कौतुक करायला लागलं की अण्णा हळूच म्हणतात, गेली ही मूर्ती.

फिलूबाई सगळ्यांच्या शेवटी निघाल्या. माझ्यापाशी थांबल्या. "पंखे मोजतीय का रं ती?" एवढंच बोलल्या आणि गेल्या.

सहाव्या दिवशी पहाटे मी पिशवी भरली. कारण ठरवून ठेवलं होतं, घरी आजारपण. सकाळची मिस्सा संपायची वाट बघत होतो, तर बाई खोलीच्या दारात.

"चालला?"

"घरून फोन आलाय."

"येऊ दे. आधी चल." मनगट धरून त्यांनी मला चर्चमध्ये नेलं. आत आता कोणी नव्हतं. डावीकडच्या चौथ्या बाकावर मला बसवलं. "ही माझी जागा. बस. आता वर बघ."

मी पाहिलं. कोनाडा माझ्या डोक्याच्या चांगला आठ फूट वर. तिथून तिची नजर सरळ निघत होती, आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून, पंख्यांमधून, मागच्या दारावरच्या झरोक्यात. टेबलावर जी माझ्याकडे बघत होती ती इथे कुणाकडेच बघत नव्हती. आमचे गणपती पाटावर बसतात, माणूस त्यांच्या समोर उभा राहतो. ही उंचावर उभी असते आणि माणूस खाली गुडघ्यावर असतो. वीस वर्षं मूर्ती रंगवून मला एवढं विचारायचं सुचलं नाही, की ही बसणार कुठं.

"आमचा म्हातारा गेला," बाई म्हणाल्या, "तेव्हा मला तिचा लय राग आला. सहा महिने मी पलीकडच्या बाजूला बसले, त्या खांबामागं. म्हटलं, बघूच नको माझ्याकडं. तर तिकडं बी बघायची. लय लोचट. मग आले परत माझ्या जागेवर." त्यांनी नाक पुसलं. "काल संध्याकाळी पहिल्यांदा मला वाटलं, मी देवळात एकटीच हाय."

मी तोंड उघडलं. कसं कोण जाणे, सगळं बाहेर पडलं. थिनर, डावा डोळा, उजवा डोळा, घरचा खोटा फोन.

"मला ठाऊक हाय," बाई म्हणाल्या. "फडकी मीच धुते ना."

"तीन दिवस ठाऊक होतं? मग बोललात का नाही?"

"तू बोलतो का ते बघत व्हते. जा आता फादरकडं. मी सांगणार नाय, तूच सांग."

फादर अंगणात स्कूटर काढत होते. मी सांगितलं. त्यांनी स्कूटर परत स्टँडवर लावली.

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली. "त्याच दिवशी सांगितलं असतंस तर रागावलो असतो. आज जास्त रागावलोय. काय करायचं म्हणतोस?"

"नीट करीन. पण आधी हे पुसायला लागतील. आणि ते..." आमच्याकडे एकदा डोळे उघडले की त्यांना पुन्हा हात लावत नाहीत. उघडलेले डोळे पुसायचे म्हणजे काय, हे त्यांना कसं सांगू?

फादरांना कळलं असावं. "मी पुसू का?" त्यांनी विचारलं.

"नको. मीच पुसतो."

त्यांनी जुने फोटो आणून दिले, लग्नांचे, सणांचे. सगळ्यांत मूर्ती मागे नखाएवढी आणि गळ्यापर्यंत हारांत बुडालेली. काही उपयोग झाला नाही.

खाली आणि वर

शिडी, दोन फळ्या आणि खाली अंतोनकाका धरायला. मूर्ती उतरवायची नाही असं ठरलं, जिथं राहायची तिथंच आखायचं. मी वर चढलो आणि फडकं हातात घेऊन नुसता उभा राहिलो. मूर्ती उचलताना आम्ही तिची माफी मागतो, ती सवय. पण इथे काय म्हणायचं, कोणत्या देवाला म्हणायचं, काही सुचेना.

खालून बाई ओरडल्या, "काय बोलायचं ते बोल बाबा. तिला मराठी येती. एवढी वर्षं सगळी वस्ती तिच्याशी मराठीतच भांडती."

मी म्हणालो, आई, चुकलो. आणि पुसले.

पांढऱ्या रंगाचा एक हात देऊन तो वाळेपर्यंत थांबलो, मग सुरुवात केली. वर उभं राहून खालचं दिसत नाही. म्हणून बाई माझे डोळे झाल्या. त्या चौथ्या बाकाशी गुडघ्यावर बसल्या आणि सांगायला लागल्या. "वर हाय. अजून वर हाय. आता पार झोपली." मी पुसायचो, परत आखायचो. एकदा डावा जमला तर उजवा बिथरला. "आता ती मला डोळा मारतीय!" बाई म्हणाल्या, आणि शिडी धरलेले अंतोनकाका इतके हसले की मी वर हलायला लागलो.

"मावशी, गुडघ्यावर कशाला बसता? बाकावर बसून सांगा ना."

"बसलेल्या माणसाला काय मागायचं असतंय? मागणारा गुडघ्यावर येतो. तिथून दिसली पायजे."

बरोबरच होतं. मग त्या नुसत्या चौथ्या बाकाशी थांबल्या नाहीत. खांबामागची ती जुनी जागा, पुढचा बाक, दारापाशी उशिरा येणारे उभे राहतात ती जागा, सगळीकडे त्या थंड फरशीवर गुडघे टेकत गेल्या. प्रत्येक ठिकाणी कोण बसतं ते सांगत होत्या. इथं तो रिक्षावाला बसतो, त्याची मुलगी ऐकत नाय. इथं ती शिक्षिका, तिला मूल नाय. ही जागा कुणाचीच नाय, इथं कुणीतरी अनोळखी येऊन रडून जातं, ती पण बघ. मी वरून ऐकत होतो. मला तोवर वाटत होतं, देऊळ म्हणजे मूर्ती, नाहीतर काका म्हणाले तसं त्या कपाटातली भाकर. आता त्या रिकाम्या बाकांवर मला माणसं दिसायला लागली. एकेकाची जागा ठरलेली, आणि त्या जागेवरून दिसणारी तिची नजर.

एक बुबुळ सगळ्या जागांकडे बघू शकत नाही, हे मला दुपारी तीनच्या सुमाराला उमगलं. मग मी बुबुळाचा नाद सोडला आणि पापणी खाली आणली. अर्ध्यावर. बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली गेला, बाकीचा सावलीत. डोळे कुणावर रोखलेले नाहीत, नुसते खाली वळलेले. आई हातातलं काम न सोडता पोराचं ऐकते ना, तसे.

खालून आवाज येईना. मी विचारलं, "मावशी?"

वाकून पाहिलं. बाई खांबामागं गुडघ्यावर होत्या, मान वर, आणि हळू आवाजात मूर्तीला झापत होत्या. "आली का? कुठं गेली व्हती इतके दिवस? आम्ही काय करायचं इथं?"

अंतोनकाकांनी शिडी सोडून क्रुसाची खूण केली. मी वर एकटा लटकत होतो, पण ओरडलो नाही.

बाईंना उठता येईना. आम्ही दोघांनी धरून उठवलं तेव्हा त्यांनी माझ्या दंडात नखं रोवली, इतकं दुखत होतं. पाच तास त्या गुडघ्यांवर होत्या. गरम पाणी, तेल, ओवा, सगळं केलं, सूज काही उतरली नाही.

त्या संध्याकाळी नोव्हेनाला मी पुन्हा शेवटच्या बाकामागे उभा राहिलो. लोक आले, गुडघा टेकला, वर पाहिलं आणि जो तो आपल्या जागी जाऊन बसला. कुणी थांबलं नाही. मिस्सेनंतर माझा हात धरायला एक माणूसही आला नाही. रिक्षावाला डोळे मिटून बसला होता. मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं.

फादरांनी मला सणापर्यंत ठेवून घेतलं. नाताळच्या गव्हाणीतली मेंढरं रंगवायला दिली. "यांचे डोळे कसेही आखलेस तरी चालतील," ते म्हणाले. तेवढंच त्यांचं रागावणं.

सणाच्या दिवशी संध्याकाळी मिरवणूक निघते, छोटी मूर्ती पालखीत आणि वस्ती मागे. इतक्या वर्षांत फिलूबाई एकदाही चुकल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या घरी खाटेवर होत्या, गुडघ्यांना एरंडाची पानं बांधून. मिरवणूक त्यांच्या गल्लीतून जात नाही. मोठ्या रस्त्यावरचं गाणं तेवढं ऐकू येत होतं. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझ्याकडे बघून तोंड फिरवलं, मग म्हणाल्या, "तू कशाला आला इथं? जा ना, मेणबत्ती धर."

"माझ्यामुळे तुमची मिरवणूक चुकली."

"तुझ्यामुळं चुकली. मग? उपाशी राहू का?"

मी म्हणालो, "पुढच्या सणाला मी येतो. खुर्चीला बांबू बांधू, तुम्हाला बसवून मिरवणुकीतून नेऊ. एक खांदा माझा."

"खांदा मेल्यावर दे, मेल्या!" बाई कडाडल्या. "आत्ता हात दे. दारापर्यंत जायचंय मला."

हात दिला. सगळं वजन माझ्यावर टाकून त्या दारापर्यंत आल्या, चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि गाणं दूर जाईपर्यंत त्यातलं प्रत्येक कडवं पुटपुटत राहिल्या. माझं मनगट त्यांनी तोवर सोडलं नाही.

घरी येऊन महिना झाला. अण्णांना सगळं सांगितलं, त्यांनी शिव्या दिल्या आणि मग विचारलं, पापणी कितीवर आणलीस? अजूनही पहाटे जाग येते आणि वाटतं, वर लावलेला रंग थंडीनं सुटला तर? फोन केला की अंतोनकाका म्हणतात, "आहेत रे डोळे, जागेवर आहेत. मेंढरं मात्र तिरळी झालीत."

अण्णांना आत्ताच सांगून ठेवलंय की पुढच्या डिसेंबरात आठ दिवस मी नाही. खुर्ची तिथली घेऊ, बांबू मी इकडून नेणार, आमच्याकडचे चिवट असतात. दुसऱ्या बाजूला माणूस अंतोनकाका बघतील. फिलूबाई नको म्हणतील, चारचौघांत माझी आईबहीण काढतील. तरी त्यांना मिरवणुकीतून नेणार.